व्होल्ट किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं सगळेच विचारतात. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये विचारतात, बँकेतल्या मैत्रिणी डबा खाताना विचारतात. मी सुट्टीच्या दिवशी हाय व्होल्टेजचे उद्योग करते, टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत विजेच्या लांब ठिणग्या उडवणारं यंत्र, बनवते, असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती व्होल्ट?"

गेल्या वर्षी गल्लीतल्या मंडळाची पोरं घरी आली होती. देखाव्यात खरी वीज कडाडायला हवी होती त्यांना. "काकू, बॅनरवर दहा लाख व्होल्ट लिहू का?" मी म्हटलं, लिहा की, पण कॉइल मिळणार नाही. भर पावसात, पत्र्याच्या मांडवात, गर्दीच्या हाताच्या अंतरावर? पोरं हिरमुसली. शेवटी त्यांनी एलईडीच्या पट्ट्या लावून काम भागवलं आणि खरं सांगते, झकास दिसलं.

आकडा सांगायला मी का-कू करते, त्याचं कारण लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आहे.

बाबा गिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. बाबांनी संध्याकाळच्या क्लासला जाऊन टीव्ही दुरुस्ती शिकून घेतली, खाटेशेजारी टेबल टाकलं आणि आमच्या घरात इतरांचे टीव्ही यायला लागले. पाठ उघडी, पोट बाहेर, असे दोन-तीन सेट कायम भिंतीला टेकलेले. लॅमिंग्टन रोडहून आणलेले पार्ट आई वाटाण्याच्या बरणीत ठेवायची.

टीव्हीत एक एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, असतो, काही मेकॅनिक त्याला ईएचटी म्हणतात. पिक्चर ट्यूबला लागणारा विजेचा मोठा दाब, म्हणजे व्होल्टेज, तोच तयार करतो. पडद्यावर ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार करा: १५,६२५. सेकंदाला तेवढे ठोके त्या एलओटीला पडतात आणि त्याची बारीक, कानात सुई टोचावी तशी शिट्टी येते. लहान मुलांना ती स्वच्छ ऐकू येते, वय वाढलं की वरचे सूर कानातून आधी जातात. बाबांना ती येत नव्हती. मग सेट चालू केला की ते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की लाइन सेक्शन जिवंत, नाही हलवली की सोल्डरिंग आयर्न परत हातात. दहा वर्षांची मी बाबांचं मीटर होते म्हणा ना.

बाबांचे नियम दोनच. पहिला, उघड्या सेटमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात गुंतले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जाते. माझ्या फ्रॉकला खिसा नव्हता. मी डावा हात पाठीमागे नेऊन स्वतःची वेणी धरायचे. आईने ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता सगळ्या फ्रॉकना डाव्या बाजूला खिसे शिवले. एकाही मैत्रिणीच्या फ्रॉकला तसा खिसा नव्हता, त्यामुळे मी भलतीच ऐटीत असायचे.

दुसरा नियम ट्यूबचा. ट्यूबच्या पाठीला रबराची टोपी असते, तिच्या आत एलओटीची जाड वायर. टीव्ही बंद केला, प्लग काढला, तरी त्या जागी दाब साठून राहतो, कारण ट्यूबची काच स्वतःच एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी वस्तू, असते. आतून-बाहेरून काळा लेप आणि मध्ये काच. म्हणून लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधायची, तिचं दुसरं टोक अर्थला, आणि टोपीखाली पातं सरकवायचं. 'टप्प' असा आवाज येतो. तेवढ्यावर थांबायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा टेकवायचं, कारण काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. बाबा मालवणीत सांगायचे, "दोनदा टेकव गो बाय. काच इसरणा नाय."

बाबा गेल्यावर चार वर्षांनी माळ्यावरचा शेवटचा रंगीत सेट मी खाली काढला. चालतोय का पाहिलं, मग बंद करून ट्यूब एकदा टेकवली. टप्प. तेवढ्यात सासूबाईंनी चहा आणून दिला. चहा पिऊन, बशी सिंकमध्ये ठेवून परत आले आणि टोपी काढायला सरळ बोट घातलं.

झटका बसला तो दंडापर्यंत. पण जखम झाली ती झटक्याने नाही. हात आपोआप मागे उडाला आणि कोपर गोदरेजच्या कपाटाच्या कडेवर आपटलं. तीन टाके. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, कपाट. खोटं नव्हतं ते.

आता बघा, तो आकडा होता फार तर काही हजार व्होल्टचा, चालू सेटमध्ये तोच २५ हजारांच्या आसपास असतो. आणि आपल्या लोकलच्या वरच्या तारेत किती असतात? २५ हजार. तोच आकडा. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली तेव्हा तारेत होते १५०० व्होल्ट डीसी. ते बदलत बदलत २०१६ पर्यंत उपनगरी गाड्या २५ हजार एसीवर आल्या. एक बारा डब्यांची गच्च भरलेली गाडी ओढतो, दुसरा बातम्या दाखवतो. फरक आहे तो मागे किती अँपिअर, म्हणजे किती प्रवाह, उभा आहे याचा. ट्यूबला मिळतो एखादा मिलिअँपिअर, गाडी वेग घेताना शंभरेक अँपिअर सहज ओढते. लाखपटीचा मामला. म्हणून त्या तारेपासून दोन मीटर लांब राहा असं रेल्वे सांगते. तिथे हात लावायचीही गरज नसते, वीज उडी मारून येते.

उलट्या टोकाचं उदाहरण हवं तर जानेवारीत नाशिकला जा आणि पॉलिस्टरची साडी अंगावरून काढा. चटचट ठिणग्या उडतात, त्या काही हजार व्होल्टच्या असतात. माणूस "आई गं" म्हणतो आणि झोपायला जातो. मुंबईकरांना ही मजा फारशी मिळत नाही, आपल्या दमट हवेत चार्ज टिकतच नाही. मी एकदा विमशर्स्टचं यंत्र केलं होतं, दोन ॲक्रिलिकच्या तबकड्या उलटसुलट फिरवून स्थिर वीज गोळा करणारं. डिसेंबरात दोन-दोन इंची ठिणगी द्यायचं. जुलैत पंख्याइतकंच उपयोगी, आणि वारा कमी.

कॉइलचं गणित मात्र वेगळं. माझ्या दुसऱ्या टेस्ला कॉइलचा खटाटोप आम्ही दिवाणखान्यात केला. ११० मिलिमीटरचा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप, ३० गेजची इनॅमल वायर, एक हजार वेढे. हिशेबाने साधारण ३४५ मीटर वायर. नवरा पाइप फिरवत होता, मी वायर ताणून वेढ्याला वेढा चिकटवत होते. एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये, नाहीतर तिथेच ठिणगी पडून सगळं जळतं. सातशेव्या वेढ्याला दाराची बेल वाजली. नवऱ्याने सवयीने हात सोडला आणि शंभरेक वेढे स्प्रिंगसारखे उसळून सोफ्यावर पसरले. दारात इस्त्रीवाला. त्या रात्री आमच्याकडे कोणी फारसं बोललं नाही.

ती चालवते मात्र भांडुपच्या एका गाळ्यात. तिथे हाच छंद असलेला आमच्यातला एक जण ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करतो आणि त्याने मागच्या मातीत कॉइलसाठी वेगळी तांब्याची सळई ठोकली आहे. घराच्या अर्थिंगला ती जोडली तर शेजाऱ्यांचे टीव्ही-राउटर धोक्यात. खाली निऑन साइनचा जुना ट्रान्सफॉर्मर, ९ हजार व्होल्ट, ३० मिलिअँपिअर. दुकानांच्या पाट्या एलईडीच्या झाल्या तसे हे भंगारात मिळायला लागले, आता तेही संपत आलेत. वर तीन फुटांच्या आतबाहेर जांभळ्या फांद्या फुटतात. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे, फक्त सेकंदाला काही लाख वेळा.

मग वर किती व्होल्ट? दोन-तीन लाख असावेत. ठिणगीच्या लांबीवरून नेमकं सांगता येत नाही, कारण एका ठिणगीने तापवलेल्या वाटेवरून पुढची अजून लांब सरकते. पण लोक त्या जांभळ्या फांद्यांकडे बघत असतात तेव्हा माझं लक्ष खाली असतं. माणूस मारण्याची ताकद ट्रान्सफॉर्मरच्या त्या खालच्या काळ्या ठोकळ्यात आणि त्याच्याशेजारच्या कपॅसिटरांत आहे. वरची वीज चामडीवरून निघून जाते, म्हणून काही होत नाही, असं सांगणारेही भेटतात. ती चामडीवरून जात नाही. ती इतकी भराभर दिशा बदलते की नसांना कळत नाही, एवढंच. भाजतं ते भाजतंच.

रविवारी गाळ्यावर आम्ही सात-आठ जण जमतो. बेस्टमध्ये केबल जोडण्यात हयात घालवलेले काका आहेत, एक दाताचे डॉक्टर, दोन कॉलेजची पोरं. नवीन कोणी आलं की ओळख करून द्यायची रीत आहे: नाव, राहायला कुठे, पहिला शॉक कशाचा. डॉक्टरांचा पहिला शॉक मिक्सरचा. काकांनी आजवर कधीच सांगितला नाही, नुसते हसतात.

जूनमध्ये एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला. त्याने ओळख करून दिली ती अशी: "माझ्याकडे चार लाख व्होल्ट आहेत." खिशातून काढला आगपेटीएवढा मॉड्यूल, ऑनलाइन घेतलेला, वर तसं छापलेलं. बॅटरी लावल्यावर ठिणगी पडली दीड सेंटिमीटर. डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर लिहून दाखवलं: गुळगुळीत गोळ्यांमध्ये एक सेंटिमीटर हवा फोडायला साधारण ३० हजार लागतात, टोकदार तारांना त्याहून बरेच कमी. म्हणजे चार लाख कुठून आले? मुलगा ओशाळला. ओशाळण्यासारखं काही नव्हतं, आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी छापील आकड्यावर विश्वास ठेवलेला आहे.

मग त्याने सॅकमधून दुसरी वस्तू काढली. "आणि हा लहानसा. दोनच हजारांचा आहे." मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही बाजूंना वायरी जोडलेल्या, एका टोकाला थ्री-पिन प्लग. लाकडावर विजेची नक्षी जाळायची होती त्याला.

गाळ्यात सगळे गप्प झाले. दोन हजार व्होल्ट, अर्धा अँपिअर, सरळ मेन्सवर. त्या लाकडी नक्षीच्या नादात जगभर किती जण गेलेत. काका उठले, प्लग हातात घेतला आणि कटरने वायर मुळाशी तोडली. प्लग त्याच्या सॅकमध्ये टाकला, ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या खुर्चीखाली. "हा हितंच राहील," म्हणाले. मुलगा रागावला. चहा न घेता गेला. मला वाटलं, संपलं.

तीन रविवारनंतर तो रिक्षातून एक पोर्टेबल टीव्ही घेऊन आला, कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून उचललेला. पाठ उघडली. मी त्याला स्क्रू ड्रायव्हर दिला, अर्थची क्लिप दाखवली, दोनदा टेकवायला लावलं, मध्ये पाच मिनिटं सगळे नुसते बसून होतो. एक कपॅसिटर फुगला होता, तो बदलला. मग सेट चालू केला. पडदा काळाच.

मी कान लावला. पंख्याचा आवाज, बाहेर टेम्पोचा हॉर्न, बस.

"शिट्टी येतेय का रे?" मी विचारलं.

त्याने डावा हात खिशात ठेवूनच मान तिरकी केली. "येतेय, काकू. बारीक आहे, पण येतेय."