आधी लीद, मग चहा

सकाळी तबेल्यात गेलो की मी आधी लीद मोजतो. बायको हसते, हसू दे. धडधाकट घोडा दिवसरात्रीत आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो, म्हणजे सकाळी जनावरामागे तीन-चार ढीग दिसायलाच हवेत. गोळे ओलसर हवेत, जमिनीवर पडले की फुटणारे. कडक आणि बारके असले तर पाणी कमी प्यायलंय. त्यात अख्खे हरभरे दिसले तर दात बघायचे. घोड्याचे दात वयाबरोबर वर येत राहतात, कडा धारदार होतात, मग चावणं अर्धवट होतं. वर्षातून एकदा डॉक्टरकडून दातांच्या कडा कानसीने घासून घेतल्या की भागतं.

आमची माथेरानला तीन जनावरं आहेत. राणी, बादल आणि छोट्या. छोट्या शिंगरू असताना आणला म्हणून हे नाव, आता तोच सगळ्यात उंच आहे.

ही लीद मोजायची सवय मला दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीने लावली. सीझन जोरात होता. पर्यटकांना घेऊन दस्तुरीचा गाडीतळ ते बाजारपेठ, तिथून पॅनोरमा पॉइंट, परत दस्तुरी, दिवसभर हेच. आबांचा हिशेब जुना: काम दुप्पट, तर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराकही दुप्पट. संध्याकाळी बादल घामेजलेला आला आणि आबांनी हरभऱ्याच्या भरड्याचा तोबरा काठोकाठ भरून तोंडाला बांधला. प्रेमानेच.

रात्री अकराला खुराचा आवाज आला. बादल पुढच्या पायाने जमीन उकरत होता, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होता. बसला, उठला, पुन्हा बसला. दुपारपासून लीद नव्हती. मी कुशीला कान लावला. एरवी तिथे सतत गुडगुड ऐकू येते, त्या रात्री काहीच नाही. पोटशूळ.

आबा तेल पाजायला बांबूचा नळा घेऊन आले. फोनवर डॉक्टर जवळजवळ ओरडलेच: "तोंडातून थेंबसुद्धा ओतू नका, फुप्फुसात जाईल. चारा काढा, सावकाश चालवत ठेवा, आणि घरात कसलं इंजेक्शन असेल तर टोचू नका, दुखणं झाकलं जातं." गाडी दस्तुरीच्या पुढे येत नाही, म्हणून आम्हीच बादलला अंधारात चालवत खाली नेलं. दस्तुरीच्या दिव्याखाली डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. आधी गॅस आला, मग आंबूस वासाचं पाणी. घोड्याला उलटी करता येत नाही आणि देहाच्या मानाने त्याचं जठर फारच लहान. आत फुगलं तर वरून सुटका नाही, जठर फुटूही शकतं. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, आणि घोड्यांच्या घरात जन्मलोय मी.

पहाटे चारला लीद पडली. आबांनी ती हातात घेऊन मला दाखवली, पेढा दाखवावा तशी.

तेव्हापासून चंदी तीन वेळा, एका वेळी दीड किलोच्या वर नाही. आधी गवत, मग दाणा. दमून आलेल्या घोड्याला आधी थंड होऊ द्यायचं, थोडं थोडं पाणी द्यायचं, दाणा तासाभराने. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पर्यटक कणसाचे बुंधे खाऊ घालतात, त्यांना मी हात जोडून थांबवतो. ते घशात अडकतं, नाकातून चारा बाहेर येतो.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्याचीच. सोमवार ते शुक्रवार घोडे जवळपास रिकामे आणि शनिवारी एकदम झुंबड. आठवडाभर पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा एकाएकी कामाला लावला की मागचे पुठ्ठे लाकडासारखे घट्ट होतात, पाऊल टाकवत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. असं दिसलं तर एक पाऊलही पुढे चालवायचं नाही, जागेवर डॉक्टर. पूर्वी याला सोमवारचा आजार म्हणत, कारण रविवारी जनावरांना सुट्टी असायची. आमच्यासाठी तो शनिवारचा. उपाय फुकट आहे: रिकाम्या दिवशी दाणा निम्मा, आणि रोज थोडी फेरी.

पावसाळ्यात आम्ही घोडे खाली नेरळजवळ आणतो. तिथे चिखल, आणि चिखलात खूर कुजतो. रोज खूर उचलून कोरायचा. काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर साफ करून कोरड्या जागी बांधायचं. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी, पैसे वाचवायला ही जागा नाही. धनुर्वाताची लसही तशीच, एक गंजका खिळा पुरतो. गोमाश्या सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरवतात: ताप येतो-जातो, खाऊनही घोडा वाळतो, पोटाखाली सूज येते. तेव्हा रक्त तपासून घ्यायचं. जंताचं औषधही मी आता लीद तपासूनच देतो, उगाच दर महिन्याला देऊन जंतच औषधाला सरावतात.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून कुणी नवा घोडा आणला तर माझं एकच सांगणं असतं: तीन आठवडे वेगळा बांधा, त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा. नाकातून घट्ट पू, अंगावर गाठी दिसल्या तर सरकारी डॉक्टरला कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो, हा आजार माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. लोक लपवतात, कारण कळवलं की घोडा मारावा लागतो. पण लपवला तर बाजूचा तबेलाही जातो.

आज गुरुवार. चंदीचं मापटं मी माझ्या खोलीत आणून ठेवलंय. आबा मघापासून ते शोधताहेत.