रॅक बदलण्याआधी रबरी बूट तपासावा

पॉवर स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाके वळवणारा दातेरी दांड्याचा जोड, सहसा आपण होऊन खराब होत नाही. आधी त्याच्या टोकांवरचे रबरी बूट, म्हणजे घड्यांची आवरणे, चिरतात, त्या फटीतून पाणी आणि माती आत शिरते, आणि पुढचे सारे नुकसान तेथून सुरू होते. माझी जुनी डिझेल गाडी पावसाळ्यात पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात जात असते. तिचा रॅक बदलताना जुन्याचा उजवा बूट काढला, तेव्हा आत तेलात कालवलेला जांभ्याचा तांबडा चिखल निघाला, आणि रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे ठिपके उमटलेले दिसले. असा खरबरीत दांडा ऑइल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीतून, सतत मागेपुढे सरकू लागला, की नवे कोरे सीलही फार काळ तग धरत नाही.

हायड्रॉलिक स्टेअरिंगची रचना समजून घेतली, की हे का घडते ते कळते. आपण स्टेअरिंग फिरवतो तेव्हा पिनियनच्या, म्हणजे रॅकच्या दात्यांत अडकणाऱ्या छोट्या गिअरच्या, वर असलेली पोलादाची बारीक दांडी, म्हणजे टॉर्शन बार, किंचित पिळवटते. त्या पिळामुळे व्हॉल्व्हची छिद्रे उघडतात आणि पंपाने दाबाखाली पाठवलेले तेल रॅकवरील पिस्टनच्या एका बाजूला जाऊन चाके वळवण्यास मदत करते. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर हा दाब बऱ्याच गाड्यांत शंभर बारच्या आसपास पोहोचतो, तर टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन बार हवा असते. इतका दाब पेलणाऱ्या सीलांपर्यंत वाळूचा कण पोहोचू न देणे, हे त्या साध्या रबरी बुटाचे काम आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर चढेल, तेव्हा दोन्ही बुटांच्या घड्या बोटांनी उलगडून पाहाव्यात आणि क्लिपा घट्ट आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. बूट ओलसर किंवा फुगलेला लागला, तर आतले सील गळत आहे असे समजावे. तेल जमिनीवर ठिबकण्याआधी ते बुटातच साठते.

खडखड ऐकू आली, की रॅक गेला असे अनेक गॅरेजांत तत्काळ सांगितले जाते. मला ही घाई मान्य नाही. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा), तसेच सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझरची लिंक आणि लोअर आर्मचे बुश यांचा आवाज बराचसा तसाच असतो आणि हे भाग रॅकपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात. गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडेथोडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. ढिला सांधा हाताला लगेच जाणवतो. याउलट सकाळी थंड गाडीत स्टेअरिंग जड लागून तेल तापल्यावर हलके होत असेल, किंवा एकाच बाजूला वळवताना जड जात असेल, तर पिनियनजवळच्या व्हॉल्व्हची झीज झाल्याचा संशय घ्यावा. प्ले, म्हणजे स्टेअरिंगमधला ढिलेपणा, कमी करण्यासाठी रॅकचा स्क्रू आवळून देण्याची पद्धत मला विशेष खटकते, कारण तो जास्त आवळला गेला, की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि घाटातल्या रस्त्यावर हे धोक्याचे आहे.

दांडा स्वच्छ असून फक्त सील गळत असेल, तर नव्या सीलांचा किट टाकून काम भागते. दांड्यावर गंज किंवा चरे असतील, तर मात्र किटवर पैसे घालवू नयेत; नवा किंवा खात्रीच्या ठिकाणी दुरुस्त केलेला रॅक घ्यावा.

बदलताना खरे कसब आजूबाजूच्या कामांत लागते. एअरबॅगच्या गाडीत रॅक सुटा करण्यापूर्वी चाके सरळ ठेवून स्टेअरिंग बांधून टाकावे, कारण त्याला रॅकशी जोडणारा शाफ्ट सुटल्यावर ते मोकळे फिरले, तर त्याखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली वायरची पट्टी, तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागून राहतो. शाफ्टच्या सांध्यावर खूण करावी, आणि टाय रॉड एंड किती आट्यांनी बाहेर आला ते मोजून ठेवावे. नव्या रॅकला जुने तेल देणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे: झिजलेल्या पंपाचा धातूचा चुरा त्या तेलातून थेट नव्या व्हॉल्व्हमध्ये जातो. म्हणून पाइप धुऊन घ्यावेत, तळाशी जाळी असलेली टाकी शक्यतो नवीच बसवावी आणि तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच भरावे. बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तांबडे तेल चालते, पण होंडाच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगला कंपनीचे वेगळे तेल लागते, आणि काही युरोपीय गाड्यांत हिरवे तेल असते. ही तेले एकमेकांत मिसळू नयेत.

त्यानंतर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवूनच, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि टाकीतली पातळी उतरेल तसे तेल घालत राहावे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. तेलाला फेस येत असेल किंवा पंप कण्हत असेल, तर हवा अजून आत आहे. पूर्ण वळवलेल्या स्थितीत स्टेअरिंग काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तेल झपाट्याने तापते. मोजलेल्या आट्यांमुळे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते इतकेच, तेव्हा टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, त्याच दिवशी तपासून घ्यावा.

इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाड्यांत तेलाचा प्रश्न उरत नाही, पण बुटाचा उरतो. मोटर थेट रॅकवर असेल, तर आत गेलेले पाणी मोटर आणि सेन्सरपर्यंत पोहोचू शकते, आणि असा रॅक बदलल्यावर स्कॅनर लावून स्टेअरिंगचा मध्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो. कामाला गाडी देण्यापूर्वीच त्या गॅरेजकडे आपल्या मॉडेलसाठी ही सोय आहे का, ते विचारून घ्यावे.