पिवळ्या कार्डासाठी चार वाऱ्या

केनियातल्या मोंबासाहून परत येऊन तीन महिने होत आले. कोणी "कसा झाला प्रवास?" विचारलं की मी हत्तींपासून सुरुवात करायची ठरवतो आणि दुसऱ्याच वाक्याला यलो फिवरच्या लशीवर घसरतो. ही म्हणते, "अहो, पुरे झालं आता ते." म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्यांना जायचंय त्यांच्या तरी कामी येईल.

आधी गेलो कशाला, ते. आम्ही नाशिकचे, शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीतले. मी गणिताचा मास्तर, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, वय अडुसष्ट. ही चौसष्ट वर्षांची, सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं सिस्टर होती. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण हे शरणपूर म्हणजे काय ते फार जणांच्या ध्यानात नसतं. विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने १८५४ मध्ये हे ख्रिस्ती गाव वसवलं. गुलाम म्हणून गलबतांत कोंबून नेलेली आफ्रिकी पोरं इंग्रजी आरमाराने सोडवली की मुंबईला उतरवत, आणि त्यातली कितीतरी शरणपूरच्या आश्रमात वाढली. इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेचे अंतर्भाग शोधत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह ज्यांनी आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत आणला, त्यांतला जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेचा. पुढे १८७४ मध्ये याच प्राइससाहेबांना मोंबासाला पाठवलं. तिथे त्यांनी सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून. म्हणजे आमचं गाव आणि ते गाव एकाच माणसाच्या हातचं. हे लहानपणापासून ऐकत आलो होतो, बघितलं नव्हतं.

मोंबासाजवळ राबाईच्या बाजूला तिथल्या अँग्लिकन मंडळीचं चार दिवसांचं डोळे आणि बीपी तपासणीचं शिबिर होतं. आमच्या पाळकसाहेबांनी पत्रव्यवहार केला, आमंत्रणाचं पत्र आलं. चार दिवस सेवा, उरलेले दिवस फिरणं, असं ठरलं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवानगी, आणलं. ते भाच्याने घरबसल्या केलं, तीस डॉलर आणि वर थोडे. ती पायरी कधी झाली ते मला कळलंही नाही.

कळलं ते पुढचं. केनिया हा यलो फिवरचा देश. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडीस डास मात्र गल्लोगल्ली आहे, म्हणून आपलं सरकार याबाबतीत फार कडक. तिकडून आलात आणि लशीचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात. त्यामुळे लस घ्यायची, तीही ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच. नाशिककराने मुंबई किंवा पुणं गाठायचं. आम्ही मुंबई निवडली. केंद्राचं नाव लिहीत नाही. आणि हो, विसरायच्या आधी सांगतो, लस झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. आम्ही आधी काढलं होतं.

पहिली वारी. ऑनलाइन वेळ घेतली, पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडली, साडेअकराला केंद्रावर. रांगेत सगळी पंचविशीची, मर्चंट नेव्हीची पोरं, कानात वायरी. त्यात आम्ही दोघं डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. तासाभराने डॉक्टरांसमोर बसलो. वय बघून ते म्हणाले, "साठच्या वर आहात. फिटनेस आणलंय?" मी ऐटीत आमच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी वाचली आणि परत सरकवली. "प्रवासाला फिट आहेत असं लिहिलंय. लशीला फिट आहेत असं कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, प्रवासाला फिट असलेला माणूस सुईला फिट नसेल का?"

"काका, या वयात आफ्रिकेत कशाला जाता?"

हे वाक्य मला अजून टोचतं, लशीपेक्षा जास्त. आमच्यामागे उभ्या असलेल्या एकाही पोराला त्यांनी कशाला जातोस म्हणून विचारलं नव्हतं. ही मात्र बाहेर आल्यावर म्हणाली, डॉक्टरांचं चूक नाही. लस जिवंत विषाणूची आहे, साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर क्वचित गंभीर त्रास होतो, ते विचारणारच. ती बरोबर होती. तरी परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

दुसरी वारी. या वेळी एमडी डॉक्टरांकडून पत्र. अंड्याची ॲलर्जी नाही, थायमस ग्रंथीचा विकार नाही, स्टेरॉइड चालू नाही, बीपीची गोळी चालू आहे, यलो फिवरची लस देण्यास हरकत नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. (पत्र असंच घ्या, याच शब्दांत. शिक्क्यातला नोंदणी क्रमांक वाचता येतोय ना, तेही तिथेच बघा.) केंद्रावर पोहोचलो तर दारावर कागद चिकटवलेला: लस उपलब्ध नाही. वेबसाइटवर आमची वेळ तशीच हिरवी. वॉचमन म्हणाला, "काका, दहा वाजता फोन करून निघायचं ना."

"नाशिकहून दहाला निघालो तर इथे कधी पोहोचू?"

त्याने जरा विचार केला. "मग आदल्या दिवशी करायचा."

फोन आदल्या दिवशीच केला होता. उचलला नव्हता.

तिसरी वारी मंगळवारची. लस आली होती. पण कुपी दहा जणांची, आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेली फेकायची. आम्ही आठ जण होतो. दोघांची वाट बघत बसलो. एक वाजला, दीड वाजला. हिने डबा उघडला, त्यातला एक धपाटा समोरच्या खलाशी पोराला दिला, त्याने आवडीने खाल्ला. दोनच्या सुमाराला दोन मुली धापा टाकत आल्या, युगांडाला शिकायला निघालेल्या. नेव्हीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तीनशे रुपये प्रत्येकी, सुई दोन सेकंदांची, मग अर्धा तास बसवून ठेवलं, मग हातात पिवळं कार्ड. मी ते विजयाने शर्टाच्या खिशात ठेवलं.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. कसाऱ्याला घाटासाठी मागे इंजिनं जोडायला गाडी थांबली, तेव्हा हिने चष्मा लावला आणि दोन्ही कार्डं मागितली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचायची सवय तिची, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. एका हातात पासपोर्ट, एका हातात कार्ड, बोटाने एकेक आकडा. माझ्या कार्डावर पासपोर्ट क्रमांकाच्या शेवटी १ हवा होता. तिथे ७ होता.

मी पेन काढलं. सातचा एक करायला असं काय लागतं? तिने माझा हात धरला आणि कार्डावरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली: दुरुस्ती केली, खाडाखोड केली किंवा एखादी जागा अर्धवट सोडली तर कार्ड बाद ठरू शकतं. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल पेनने दुरुस्त्या केल्या, आणि इथे एक रेघ मारायची सोय नाही. डब्यातले लोक बघत होते. घाट चढेपर्यंत मी त्या केंद्रातल्या कारकुनाच्या हस्ताक्षराबद्दल जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

चौथी वारी. कारकुनाने कार्ड हातात घेतलं. "एकच आहे की हा."

"सात आहे."

"माझा एक असाच असतो."

मी मोबाइलमध्ये फोटो मोठा करून दाखवला. त्याच ओळीत मधेही एक १ होता, सरळ काठीसारखा. दोघांत फरक का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. वीस मिनिटं "साहेब जेवायला गेलेत", मग साहेब आले, त्यांनी चार मिनिटांत नवं कार्ड करायला सांगितलं. हुश्श म्हणणार, तेवढ्यात हिने पुन्हा चष्मा लावला. नव्या कार्डावर कारकुनाने त्या दिवसाची तारीख टाकली होती! लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. लस आम्ही सहा दिवसांपूर्वी घेतलेली, आणि विमान आठ दिवसांवर. म्हणजे त्या तारखेने आमचं कार्ड विमानात बसताना कच्चंच राहिलं असतं. ही त्याला शांतपणे म्हणाली, "दादा, कार्ड कधी लिहिलं ते नाही, सुई कधी टोचली ते लिहायचं." तिसरं कार्ड झालं. या वेळी आम्ही खिडकीसमोरून हललो नाही. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच नंबर, तारीख, सही, शिक्का, सगळं तिने मोठ्याने वाचलं आणि मी पासपोर्टशी ताडलं. मागची रांग चुळबुळत होती, चुळबुळू दे. तुम्हीही असंच करा. एक बरं आहे, २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं.

मुंबईच्या विमानतळावर बोर्डिंग पास द्यायच्या आधी कार्ड बघितलं. नैरोबीत कोणी विचारलंही नाही.

नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने गेलो. नवा मार्ग २०१७ चा, गाडी पाचएक तासांत पोहोचवते. त्सावोत खिडकीतून हत्ती दिसले, लाल मातीत लोळून विटकरी झालेले. जुना रूळ घालायला इंग्रजांनी इथे हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. डब्यात चहा मागितला तर "चाय", पोळीला "चपाती", दुकानाला "दुका", पैशाला "पेसा". तासाभरात हिची भाषा सुरू.

घड्याळाचं मात्र ध्यानात ठेवा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ड्रायव्हर म्हणाला, शिबिर "सा म्बिली", म्हणजे दोन वाजता. आम्ही निवांत. ते दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. पहिल्या दिवशी आम्ही धावतपळत पोहोचलो तेव्हा दीडशे माणसं झाडाखाली बसली होती.

तिथली नोंदणी नसल्यामुळे हिला इंजेक्शन, औषध काही द्यायचं नव्हतं, फक्त बीपी मोजायचं आणि लिहायचं. थोडी हिरमुसली, मग रमली. मी जवळचं वाचायच्या चष्म्यांच्या टेबलावर. नाशिकहून सव्वाशे चष्मे नेले होते, दीड, दोन, अडीच नंबरचे. तपासणी सोपी: बारीक अक्षरांचं स्वाहिली बायबल समोर धरायचं, वाचता आलं की चष्मा त्यांचा. एका आजीबाईंना अडीचचा लावला. एक ओळ वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचली, मग दुसरी, मग तिसरी. पान उलटलं. बोट ओळीखालून हळूहळू सरकत होतं, नखाला हळदीसारखा पिवळा रंग. रांग थांबलेली, पण कोणी त्यांना थांबवेना. पान संपवून त्यांनी चष्मा काढला, पदरासारख्या कापडाने पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवून निघून गेल्या. मुलं येता-जाता आम्हाला "शिकामो" म्हणायची, वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार. उत्तर "मराहाबा". त्या केंद्रातल्या डॉक्टरांना हे ऐकवायला हवं होतं.

चष्मे नेताना मंडळीचं पत्र सोबत ठेवा, कस्टमवाले विचारतात. आणि प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे. हिने सगळे कपडे कॅरी बॅगांत बांधले होते, निघायच्या आदल्या रात्री अकराला सगळं सोडून कापडी पिशव्यांत भरलं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा, किनाऱ्यावर डास भरपूर.

फिरायला मोंबासाचा फोर्ट जीझस बघितला, पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला, गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीतला. ऊन कडक, पायऱ्या उंच, गुडघ्यांनी तक्रार केली. राबाईत क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये काढलेलं मिशन, तिथे छोटं संग्रहालय आहे. आणि शेवटच्या दिवशी फ्रीअरटाउन. रस्त्याच्या गजबजाटात घंटेचा मनोरा आहे, त्यावरून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, घंटेपाशी. गुलाम पकडणारी गलबतं दिसली की ती वाजवत, असं सांगतात. बाजूने मटाटू, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबस, हॉर्न मारत जात होत्या. आम्ही चर्चच्या आवारात गेलो, पाळकांना सांगितलं, नाशिकहून आलोय, शरणपूरहून. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि हिचे दोन्ही हात धरले.

मुंबईत उतरलो पहाटे. इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचं टेबल. झोपाळलेल्या मुलाने माझ्या हातातलं पिवळं कार्ड लांबूनच बघून "जा" म्हणून मान हलवली. मी जागचा हललो नाही. म्हटलं, "उघडून बघा ना साहेब. नंबर, तारीख, सगळं नीट तपासा." त्याने उघडलं, बघितलं, परत दिलं. ही पुढे जाऊन बॅगेच्या पट्ट्यापाशी उभी राहिली होती, तिथून हाक मारली, "अहो, चला आता, गाडीवाला थांबलाय."