चवथीला माटोळीखाली बसून बघितलेलं ॲप

आमचा गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटपली की जरा उसंत मिळते. गोव्यातल्या बोरी गावच्या घरी सोप्यावर नेवऱ्यांचा डबा मधे ठेवून आम्ही बायका बसलो होतो आणि मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "गो, तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस, हे स्नॅपचॅट बरं की वाईट ते एकदा सांगून टाक, म्हणजे ठेवायचं की काढायचं ते मी ठरवते." त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, नववीत, चौदा वर्षांची. ती आतल्या खोलीत फोन घेऊन माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली, बसली होती आणि तिचे कान इकडेच होते हे मला दिसत होतं.

आता याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नसणार असं मला वाटतं, कारण तेच ॲप एका मुलीच्या फोनवर ठीक असतं आणि तिच्याच बाकावरच्या दुसरीच्या फोनवर धोक्याचं असतं, फरक असतो तो आतल्या सेटिंग्जचा आणि यादीत कोण कोण आहे त्याचा. म्हणून मी पुतणीला म्हटलं, बाय, फोन तुझ्याच हातात राहू दे, तूच आम्हाला दाखव. जाऊबाई फोन ओढून घ्यायच्या बेतात होत्या, त्यांचा हात मी धरला. मुलाच्या हातातून फोन काढून घेऊन तपासला की पुढच्या वेळी तो दुसरं अकाउंट काढून ठेवतो, हे मी दोन-तीन घरांत बघितलंय.

पहिल्यांदा उघडला तो नकाशा. स्नॅपचॅटमध्ये स्नॅप मॅप म्हणून प्रकार आहे, त्यात तुमचं कार्टून तुम्ही असाल तिथे उभं राहतं आणि तुमच्या यादीतल्या मित्रांना दिसतं. आमच्या घराच्या मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे, शेजारचं घर चांगलं लांब. तर नकाशावर हिरव्या पट्ट्याच्या कडेला एकच छप्पर आणि त्यावर आमच्या पोरीचं कार्टून हात हलवत उभं! जाऊबाई गप्पच झाल्या. हे लोकेशन आपोआप सुरू नसतं, आपण करावं लागतं, तिने मागच्या वर्षी शाळेच्या पिकनिकला मैत्रिणींना कळावं म्हणून केलेलं आणि मग विसरून गेली. घोस्ट मोड सुरू केला की कार्टून नाहीसं होतं, दहा सेकंदांचं काम, पण वर्षभर ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मी विचारलं, हे बघणारे मित्र किती? २१४. यातले तोंडओळखीचे किती, चल एकेक बघूया. पहिले चाळीसेक शाळेतले, ट्यूशनचे, डान्स क्लासचे, चुलत-मावस भावंडं. मग "हा कोण?" "मडगावचा आहे म्हणे." "म्हणे म्हणजे?" "त्याला माझी मैत्रीण ओळखते." मैत्रिणीला विचारलं तर तीही त्याला कधी भेटलेली नाही, तिच्या यादीत तो तिसऱ्याच कुणाच्या यादीतून आलेला. ॲप स्वतःच नावं सुचवत राहतं, मुलं ॲड करत जातात, आणि "कॉमन फ्रेंड" दिसला की त्यांना ती ओळखच वाटते. माझ्या मते पालकांनी पहिलं काय बघावं तर ही यादी, बाकी सगळं नंतर. मुलीच्या सोबत बसून, न रागावता, प्रत्येक नावाला एकच प्रश्न, याला कुठे भेटलीस?

स्नॅपचॅटवर पाठवलेला फोटो (त्यालाच स्नॅप म्हणतात) पुसला जातो म्हणून सेफ आहे, हे पुतणीचं म्हणणं होतं आणि तिच्या वयाच्या सगळ्यांचंच असतं. स्नॅप उघडून बघितला की जातो हे खरं, स्क्रीनशॉट काढला तर पाठवणाऱ्याला कळतं हेही खरं, पण समोरच्याने दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचाच फोटो काढला तर काय कळणार? मी तिथल्या तिथे माझ्या फोनने काढून दाखवला. ती बघत राहिली, मग हळूच म्हणाली, काकी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला खोटं ठरवायचं नव्हतं मला, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

इन्स्टाग्रामवर वेगळंच निघालं. तिथे १३ वर्षं पूर्ण असल्याशिवाय अकाउंट काढता येत नाही, म्हणून हिने अकरा वर्षांची असताना जन्मसाल बदलून टाकलेलं, आणि ॲपच्या हिशेबाने आज ती सज्ञान बाई आहे. हे फार जणांच्या घरी आहे, जरूर बघा. कारण इन्स्टाग्रामने २०२४ साली टीन अकाउंट आणलं, त्यात १८ च्या खालच्या मुलांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात आणि १६ च्या खालच्यांना हे नियम सैल करायचे तर आईबाबांची परवानगी लागते. पण वयच खोटं घातलं असेल तर यातलं काहीच आपोआप लागू होत नाही! दोन्ही ॲपमध्ये पालकांनी आपलं अकाउंट मुलांच्या अकाउंटला जोडायची सोय आहे, त्यात मूल हल्लीच्या दिवसांत कुणाशी बोललं ते दिसतं पण काय बोललं ते दिसत नाही, आणि मला हे बरोबर वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणींशी चाललेल्या गप्पा आईने वाचू नयेत.

फोटोत काय दिसतं तेही बघा. पुतणीचा एक फोटो होता, युनिफॉर्म, खिशावर शाळेचा बॅज, मागे कदंबाची, म्हणजे गोवा सरकारची, बस आणि तिच्यावरची गावाची पाटी, वर लिहिलेलं "रोजचीच सकाळ". शाळा, बस, वेळ, सगळं एका फोटोत.

हे सगळं मी एवढ्या कळकळीने लिहितेय त्याला कारण आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओळखीतल्या एका आईचा रात्री साडेअकराला फोन आला होता, रडत होती. मुलीच्या साध्या फोटोवरून कुणीतरी घाणेरडा फोटो बनवून तिलाच पाठवला होता आणि अजून फोटो दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो म्हणून धमकी. मुलीने आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. का, तर आई फोन काढून घेईल. आठ दिवस ते लेकरू एकटं जेवायला बसत होतं, शाळेत जात होतं, परत येत होतं, मला अजून त्याचा विचार आला की पोटात तुटतं.

असं झालं तर काय करायचं ते आत्ताच माहीत असू दे. चॅट पुसू नका, त्या माणसाचं युजरनेम आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट ठेवा, पण तो फोटो कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, पुढे पाठवू नका. पैसे देऊ नका, फोटो देऊ नका, ॲपमध्ये रिपोर्ट करून मग ब्लॉक करा. सायबर क्राइमचा हेल्पलाइन नंबर १९३० आहे, मुलांसाठी १०९८, आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांबाबतची अशी तक्रार नाव न सांगताही करता येते. टेक इट डाऊन म्हणून एक मोफत सेवा आहे, १८ च्या खालच्यांसाठी, तिथे फोटो कुठे अपलोड होत नाही, फोनवरच त्याची एक डिजिटल खूण तयार होते आणि तेवढीच पुढे जाते, त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढतात. लहान मुलांचे असे फोटो बनवणं आणि पाठवणं हा पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आणि आयटी कायद्याखाली गुन्हा आहे, मुलीचा त्यात काही दोष नाही हे तिला दहा वेळा सांगा. त्या मुलीला तिच्या आईने जवळ घेऊन हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली म्हणे.

तर त्या दुपारी आम्ही उठलो तेव्हा २१४ चे ७३ झाले होते, जन्मसाल दुरुस्त करायला टाकलं होतं, आणि डब्यातल्या नेवऱ्याही संपल्या होत्या. संध्याकाळच्या आरतीला घुमटं, म्हणजे मातीची वाद्यं, बाहेर काढत होते तेव्हा पुतणी आईजवळ आली, आईचा फोन मागून घेतला आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस उघडून म्हणाली, "मम्मी, हा माझा झोपलेला फोटो तू काल टाकलास, मला नाही आवडला, काढशील?"

जाऊबाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि काढला.