आमची वाटचाल : बॅटरीचा सेल काढला तरी हिशोब राहिला पाहिजे
आमचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत, वाड्याच्या माडीवर दहा बाय बाराची खोली. पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांसाठी हातात मावणारं मशीन आणि त्यावरचं सॉफ्टवेअर एवढंच आम्ही करतो. पिग्मी म्हणजे रोजची छोटी बचत, १९२८ ला सिंडिकेट बँकेने सुरू केली तेव्हापासून एजंटाचं काम तेच आहे, दुकानात जा, पैसे घ्या, पावती द्या.

सुरुवातीला पार्टनर आणि मी दोघंच. मशीन म्हणजे पाम कंपनीचा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, एम १००, १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ एमबी मेमरी, रिमोटचे दोन बारके सेल. पाममध्ये मराठी नव्हतंच, म्हणून पार्टनरने आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून एकेक अक्षर काढलं. "महाराष्ट्र" मधला ष्ट्र बसवायला त्याचे चार दिवस गेले आणि तरी खाली एक ठिपका जास्तीचा राहिलाच. नोंदणीच्या ओळीत तो प्रत्येक पावतीवर छापला जायचा. प्रिंटरचं हेड स्पिरिटने पुसायचं कामही तोच करायचा, मला हात लावू द्यायचा नाही.

भांडण झालं ते पुढे काय सुधारायचं यावरून. तो म्हणे कलर स्क्रीन, फास्ट प्रोसेसर, २००२ ला पामचाच टंगस्टन टी आला १४४ मेगाहर्ट्झचा, आपण त्यावर जाऊ. मी म्हणायचो, अरे पावती मारायला १६ पुरतात, एजंट दुपारी दोनला मार्केट यार्डात उन्हात उभा असतो, त्याला स्क्रीन दिसली पाहिजे आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकली पाहिजे. बॅकलाइटवरच्या कलर स्क्रीन तेव्हा उन्हात धुतल्यासारख्या पांढऱ्या दिसायच्या हे खरंय. पण मीही एक गोष्ट बघितली नव्हती, आणि तीच अंगाशी आली.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. एका एजंटाचे सेल उतरले, त्याने ते काढले आणि नवे आणायला कोपऱ्यावर गेला. सेल काढल्यावर त्या मशीनची मेमरी जेमतेम मिनिटभर तग धरते. तो परत आला तर स्क्रीनवर पेन टेकवून सेटिंग करा असं सांगणारं कोरं मशीन! दिवसभराच्या १४० पावत्या गेल्या. आम्ही तिघं तीन दिवस गाळ्यागाळ्यात फिरून लोकांकडच्या पावत्या मागत होतो, कुणी दिली, कुणाची फाटलेली, कुणी म्हणे तुमचं मशीन तुम्ही बघा. त्या महिन्यात पाच संस्थांनी ऑर्डर परत घेतली. पार्टनर दुसऱ्या कंपनीत गेला, आमचा फॉन्ट घेऊन, न विचारता, आणि त्या कंपनीचा माणूस आमच्याच ग्राहकांना सांगत फिरायचा की यांच्या मशीनमध्ये पैसे बुडतात.

शुक्रवार पेठेतल्या संस्थेचे मॅनेजर काका तेवढे थांबले. म्हणाले, दुरुस्त करून आणा, मी संचालकांना सांगतो. मग पामचीच एम १२५ घेतली, सेल तेच पण कार्डाचा स्लॉट होता, आणि नियम केला की पावती आधी कार्डावर लिहायची, लिहिल्याची खात्री झाली की मगच छापायची. पावतीला दीड सेकंद जास्त लागायला लागले तर एजंट कुरकुरले, मी ऐकलं नाही. पुढे २००४ च्या टंगस्टन टी५ मध्ये आणि २००५ च्या विंडोज मोबाइल ५ वर चालणाऱ्या मशीनमध्ये बॅटरी गेली तरी डेटा राहणारी मेमरी आलीच की!

आता नवीन मशीन घेणाऱ्यांनी रॅम किती ते नंतर विचारा. आधी पन्नास पावत्या मारा, बॅटरी काढा, अमृततुल्यात चहा घेऊन या, मग मोजा. आणि स्क्रीन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, रस्त्यावर या. थर्मल रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका, काळा पडतो.

काकांची संस्था अजून आमच्याकडेच आहे. मधे मंडईत एका भाजीवाल्या मावशींकडे त्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनची पावती बघितली, मावशींना म्हटलं जरा द्या, उजेडात धरली. "महाराष्ट्र" च्या ष्ट्रखाली तो जास्तीचा ठिपका होता.