अर्धा गुण

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काल जमा केला. तेव्हापासून एक अर्धा गुण डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न अगदी ठरलेला. सोडियमच्या क्षाराने ज्योत पिवळी होते, ती कशामुळे? आदर्श उत्तरात लिहिलंय, सोडियम आयनामुळे. बहुतेकांनी तेच लिहिलं होतं, मी खुणा करत गेले. एका उत्तरपत्रिकेत होतं, ‘सोडियमच्या अणूमुळे. आयनामुळे नाही.’ ‘नाही’खाली पट्टी लावून ओढलेली रेघ. मी लाल पेनाने फुली मारली आणि पान उलटलं. दोन सेकंद लागले असतील.

आज शेगडीवर मिठाचं पाणी उतू गेलं. निळ्या ज्योतीतून फर्रकन पिवळी जीभ उठली आणि फडकं हातात धरून मी तशीच उभी राहिले. ती रेघ आठवली. पट्टी कुठून काढली असेल तिने, पेपरच्या शेवटच्या दहा मिनिटांत?

मला माहीत नसतं तर एक वेळ चाललं असतं. पण मला माहीत होतं.

सोडियम आयन म्हणजे बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. मग उडी मारायला उरतं कोण? आतले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरलेले की त्यांना हलवायला तीसहून जास्त इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, आणि तेवढी ऐपत ज्योतीची नाही. अणूच्या त्या सैल इलेक्ट्रॉनला मात्र २.१ पुरतात. तो वर चढतो, खाली येतो, आणि ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा पिवळा उजेड पडतो. तोही कितीसा? अडीच हजार केल्व्हिनच्या ज्योतीत दहा हजार अणूंमागे एखाद-दुसराच कुठल्याही क्षणी वर असतो. एवढ्यावर अख्खी ज्योत पिवळी.

मिठात आयन असतात, पाण्यातही असतात, हे खरंच. गडबड तिथेच होते. पाण्यात मीठ फुटतं ते आयनांत, कारण प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गर्दी करतात आणि त्याला सांभाळून घेतात. ज्योतीत थेंब आटतो, कण वितळतो, वाफ होते, आणि सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू एकटा पडतो. तिथे सांभाळायला कोणी नाही. मग उघडा हिशोब. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ लागतात, क्लोरीनला तो दिल्यावर मिळतात ३.६१. दीड इलेक्ट्रॉन व्होल्टची तूट. म्हणून वेगळे होताना क्लोरीन इलेक्ट्रॉन परत करतो. दोघेही अणू होऊन आपापल्या वाटेने जातात. उसनं घेतलेलं इतक्या सरळपणे परत करणारं मी तरी दुसरं कोणी पाहिलेलं नाही. (ताईला हे वाचून दाखवायचं नाही.)

आणि हे मी कुठे वाचलेलं नाही नुसतं. एमएस्सीला वर्षभर फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीचा उजेड मोजून धातू किती ते सांगणाऱ्या यंत्रावर, बसले आहे. पोटॅशियम मोजायचं असलं की प्रत्येक द्रावणात आधी सीझियम क्लोराइड घालायचे. पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन सोडियमपेक्षाही सैल, ४.३४; तापलेल्या ज्योतीत त्यातले काही आयन होतात, आणि आयन झाला की अणूच्या त्या ठरावीक रंगाच्या उजेडापुरता, म्हणजे वर्णपटातल्या त्या रेघेपुरता, तो मुका. सीझियमचा त्याहून सैल, ३.८९. तो आपले इलेक्ट्रॉन ज्योतीत सांडतो आणि त्या गर्दीत पोटॅशियमला अणू म्हणून राहता येतं. म्हणजे वर्षभर मी काय केलं, तर आयन होऊ नयेत म्हणून राखण केली. आणि काल आयन लिहिलं नाही म्हणून एका मुलीचा अर्धा गुण कापला.

बन्सेन आणि किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० साली ज्योतीच्या वर्णपटातल्या निळ्या रेघा बघून हे सीझियम शोधलं. तेव्हा इलेक्ट्रॉनच कोणाला ठाऊक नव्हता, तो १८९७ चा. त्यांना कोण बोल लावणार? मला काय झालं होतं?

दमले होते, हे कारण देता येईल. गठ्ठ्यामागून गठ्ठा, मानेत कळ, आणि तो फोन आलेला त्याच दुपारी. पण फोनचं आज नको. खरं सांगायचं तर दमणुकीचा संबंधच नाही. मी तिचं वाक्य वाचलंच नाही. ‘आयन’ शब्द शोधला, तो ‘नाही’ला चिकटलेला दिसला, फुली. गेली कित्येक वर्षं असंच तपासते आहे का मी? शिकवतानाही ‘आयन’च म्हणत आले. फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. जे माहीत होतं ते कुठल्या कप्प्यात जाऊन बसलं होतं, कोण जाणे. बसल्या जागी रडू आलं थोडं. अर्ध्या गुणासाठी बाईंनी रडावं, आणि मुलीला अजून पत्ताही नाही.

मग आठवलं की पुढचा उपप्रश्न कॅल्शियमचा होता.

विटकरी लाल रंग कशामुळे? आदर्श उत्तर, कॅल्शियम आयनामुळे. तिने लिहिलं होतं, ‘कॅल्शियमच्या अणूमुळे.’ तीच पट्टी, तशीच रेघ. तिथेही मी फुली मारली. आणि ती फुली बरोबर आहे! कॅल्शियमच्या अणूची ठळक रेघ ४२२.७ नॅनोमीटरला, म्हणजे जांभळी. विटकरी रंग असतो एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अशा तिघांच्या रेणूचा, जो ज्योतीत तयार होतो आणि बाटलीत भरून ठेवता येत नाही. स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा हेही मुख्यतः असल्याच रेणूंचे. म्हणजे ती चुकली, आदर्श उत्तर चुकलं, मी चुकले, आणि तिची फुली तेवढी योग्य जागी पडली. एवढ्या रात्री हसू आलं मला. बाईसाहेब, तुम्हीही एक नियम सापडल्यावर सरसकट लावून मोकळ्या झालात ना! पट्टीसकट!

अर्ज लिहायला बसले आहे. ‘विषय : तपासलेल्या उत्तरपत्रिकेतील गुणांत दुरुस्तीबाबत.’ इथपर्यंत झालं. सोडियमचा अर्धा गुण तिला द्यायचा, तर ‘आयन’ लिहिणाऱ्या बाकी सगळ्यांचं काय? आणि कॅल्शियमला तर मग कोणालाच काही मिळायला नको.

पेन लालच हातात होतं. निळं शोधते.