उन्हाळा म्हणजे काय?

आमच्या सोसायटीच्या नियमावलीत एक ओळ आहे: 'उन्हाळ्यात प्रत्येक कूलरमागे दरमहा २०० रुपये जादा पाणीपट्टी.' ती इतकी वर्षं निमूट पडून होती. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी फेब्रुवारीतच वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि पैसे मागायला गेलेल्या सेक्रेटरींना म्हणाले, "उन्हाळा लागला कुठे अजून? मी तर हौसेनं लावून राहिलो."

सेक्रेटरी थेट माझ्याकडे. "सर, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलं. उन्हाळ्याची व्याख्या लिहून द्या नं. दोन ओळींचं तर काम."

लिहिलं, 'मार्च ते मे'. हवामान खात्याचं कोष्टकही तेच म्हणतं. बायकोनं वाचलं. "अन् जूनमध्ये काय स्वेटर घालता?" बरोबर होतं. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो मे सरता सरता आणि संपतो जूनच्या सुरुवातीला. माझ्या व्याख्येनं त्याचं शेपूटच छाटलं होतं.

मग लिहिलं, 'कमाल तापमान ३५ अंशांच्या वर असेल तो काळ'. त्यात ऑक्टोबरमधले कडक दिवस घुसले. वैतागून 'ज्या काळात कूलर लावावा लागतो तो' असं लिहिलं. कूलर कधी लावायचा? उन्हाळ्यात. उन्हाळा कधी? कूलर लागला की. तो कागद मीच फाडला.

या चुकांना आपल्याकडच्या न्यायशास्त्रानं, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रानं, केव्हाच नावं ठेवली आहेत, आणि उदाहरण घेतलंय चक्क गायीचं. गाय म्हणजे तपकिरी जनावर म्हटलं, तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात: अव्याप्ती. शिंगं असलेलं जनावर म्हटलं, तर म्हशी आत येतात: अतिव्याप्ती. एकसंध खुराचं म्हटलं, तर एकही गाय सापडत नाही: असंभव. शेवटी पंडित तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर, 'सास्ने'वर येऊन थांबले. दूध, माया, गोमाता, काही नाही. लोंबणारी कातडी! मला हे फार आवडतं. गायीबद्दलचं सगळ्यात कमी महत्त्वाचं काहीतरी शोधून काढलं आणि नेमकी गाय पकडली.

हवामान खात्यानं उष्णतेच्या लाटेचं असंच केलंय. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी चढलेलं हवं; नाहीतर सरळ ४५. तेही विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस, आणि घोषणा दुसऱ्या दिवशी. म्हणजे पहिल्या दिवशी जे भाजले, ते कागदोपत्री नुसतेच भाजले. त्यात नागपूरची मे महिन्यातली सरासरीच ४२च्या पुढे. त्यामुळे ४४ अंशांत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून बर्डीवर ऑटोची वाट बघणारा माणूस लाटेत नसतो. त्याला हे सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही.

पण खात्याची व्याख्या वाचून माझी गाठ सुटली. आपल्याला काय वाटतं ते लिहायचंच नाही. दुसऱ्या कुणाला मोजता येईल, तारखेनिशी दाखवता येईल, तेवढंच लिहायचं. चार खोडाखोडींनंतर मजकूर तयार झाला: 'उन्हाळा म्हणजे १ मार्चपासून, नागपुरात मोसमी पाऊस दाखल झाल्याचं हवामान खातं जाहीर करेल त्या दिवसापर्यंतचा काळ.'

सभेत वाचून दाखवला. कुणी हूं की चूं केलं नाही. मी मनातल्या मनात सास्नेला नमस्कार केला.

तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. "म्हणजे माझा फेब्रुवारी सुटला," ते म्हणाले. "बाकी एक नंबर लिहिलंत, सर. फक्त एक सांगा, कूलर म्हणजे काय? माझ्याकडे तर टेबल फॅन आहे बाप्पा. त्याच्यामागं मी नुसत्या ताट्या बांधल्या."